कै. केझाया, मुक्काम सेंट कॅथरिन्स

फिलाडेल्फिया,
९ सप्टेंबर १८५५

ती. केझायाताईस, हयात असलीस तर सा. न. वि. वि.

हसू नकोस. कालपासून माझ्या हाताला धड वस्तरा धरवत नाही. एका गिऱ्हाइकाचा गाल कापला आणि वर त्यालाच हलू नका म्हणून सुनावलं. झालं असं, की लेव्हिन होडीतून कालवं घेऊन धक्क्यावर आला होता आणि त्याने थॉर्नलीच्या मळ्यावरची बातमी आणली. मालकाने रविवारी गुलामांच्या सगळ्या वस्तीला अंगणात उभं केलं आणि सांगितलं, की पळून गेलेली केझाया गेल्या हिवाळ्यात कॅनडात बर्फात गोठून मेली. म्हणे मरताना तिने हात जोडून मालकाची माफी मागितली, मला घरी न्या म्हणून रडली. पळणाऱ्याचं काय होतं ते बघून ठेवा, एवढं बोलून स्वारी जेवायला आत गेली.

आता तुझं शेवटचं पत्र मे महिन्यातलं, आणि त्यात तू मला झापलं आहेस. हिवाळ्यात गोठलेली बाई मेमध्ये झापत नाही, हे मलाही कळतं. पण त्यानंतर तुझी एक ओळ नाही. सबीना म्हणते, तुमच्या घरात अक्कल सगळी मुलींच्या वाट्याला गेली. ताई खरंच मेल्या असत्या तर ते सांगायलासुद्धा स्वतःच आल्या असत्या. माझ्या बायकोचा तुझ्यावर इतका भरवसा आहे. तरी तू दोन ओळी लिही.

खरी वाईट बातमी पुढेच आहे. नवीन वर्ष लागलं की थॉर्नली आपल्या धाकट्या लीयाला दलालाला विकणार आहे. जॉर्जियाकडे. तिची लेक टेम्पी अजून कडेवरून उतरत नाही, तिचं काय करायचं ते म्हणे ठरलेलं नाही. मुकादम हे सगळं लेव्हिनच्या समोरच बोलला, कारण कालवं विकणाऱ्याला कान असतात हे त्याला ठाऊक नाही.

आणि आई. तुझी बातमी तिनेही त्याच अंगणात ऐकली. दुसऱ्या दिवशी मालकाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, की माझी पोर मला पुरायला मिळाली नाही, निदान तिच्या मयताचं प्रवचन तरी होऊ द्या. आपल्यात पुरायची घाई असते आणि प्रवचन शेतातला मका खुडून झाल्यावर, सवडीने, हे त्यालाही माहीत आहे. तो लगेच राजी झाला. एवढंच नाही, आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांवर जे आपलं नातंगोतं आहे त्यांनाही त्या दिवसापुरत्या मळ्याबाहेर पडायच्या परवानगीच्या चिठ्ठ्या द्यायला लावतो म्हणाला. जितके जास्त ऐकतील तितके जास्त घाबरतील, असा त्याचा हिशेब.

ताई, आई तुझ्या नावाने रडत बसली असेल हे माझ्याने सहन होत नाही. लेव्हिन पुढच्या फेरीला जाईल तेव्हा त्याच्याकडून तिला कळवतो, की तू जिवंत आहेस. फक्त आधी तू ते मला कळव.

लोभ असेल तर लगेच लिही, नसेल तरी लिही.

तुझा
एनॉक


सेंट कॅथरिन्स, कॅनडा,
२० सप्टेंबर १८५५

चि. एनॉक यास अ. उ. आ.

मी मेले हे वाचलं. मेल्यावर माणसाच्या मागे इतकं धुणं लागत असेल याची कल्पना नव्हती. उन्हाळाभर इथल्या हॉटेलच्या चादरी धुतेय, म्हणून पत्र राहिलं. बर्फ मी पुष्कळ पाहिलाय. त्यात गोठून मरायला सवड लागते, ती मला नाही.

आता नीट वाच. आईला काही कळवायचं नाही. लेव्हिनलाही नाही. पुन्हा लिहिते, एक अक्षर सांगायचं नाही.

आईला खोटं वागता येत नाही. मी जिवंत आहे हे कळलं तर तिचा चेहराच बोलेल, आणि थॉर्नली चिठ्ठ्या मागे घेईल. त्या चिठ्ठ्या मला हव्या आहेत. इतकी वर्षं मी आपल्या माणसांना दलदलीतून, कुंपणाखालून, भुकेलं आणि ओलं बाहेर काढलं. इथल्या आमच्या गल्लीत कुठलंही दार ठोठावलं तर बहुतेक वेळा ते माझ्याबरोबर चालत आलेलं माणूसच उघडतं. आणि आता हा मालक स्वतःच्या हाताने सगळ्या नातेवाइकांना एका जागी गोळा करतोय, तेही भर दिवसा. चिठ्ठ्या त्याच्या, सुट्टी त्याची, आणि मयत माझं. माझ्याच मयताला मी गेले नाही तर लोक काय म्हणतील?

शिवाय पळालेल्या बाईला शोधत सगळे फिरतात, मेलेल्या बाईवर कुणी कुत्री सोडत नाही. त्याने माझं केवढं काम केलंय ते त्याला कधी कळणार नाही, आणि मी सांगणारही नाही.

तुला ठाऊक आहे, आईला न्यायला मी दोनदा गेले आणि दोनदा तिने मला भाकरी बांधून देऊन दार लावून घेतलं. जेकब आणि बेन विकले गेले तेव्हापासून तिचं एकच म्हणणं. माझ्या पोरांना रस्ता या एका दाराचाच ठाऊक आहे, उद्या ती आली आणि दारात मी नसले तर कुणाला हाक मारतील? त्यात थॉर्नलीने तिला शब्द दिलाय, की नीट वागलीस तर जेकबला परत विकत घेईन. त्या शब्दावर ती म्हातारी झाली. या वेळी मी तिला आणि लीयाला दोघींना घेऊन येणार. टेम्पीला पण.

तू मला कठोर म्हणशील. खुशाल म्हण. आईचे डोळे मागाहून पुसता येतील. लीया एकदा जॉर्जियाला गेली की मग पुसायला कुणी समोर नसेल.

सबीनाच्या आईची ती काळी जाळी आहे ना, तोंड झाकायची, ती मागून पाठव. बाल्टिमोरची विधवा मावशी होऊन शेवटच्या बाकावर बसेन. आणि प्रवचनाचा दिवस आणि जागा काढून ठेव.

जिवंतपणी होता तसाच लोभ मेल्यावरही असू दे.

तुझी ताई
कै. केझाया


फिलाडेल्फिया,
१ ऑक्टोबर १८५५

ती. कै. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी सबीनावर ओरडलो, कारण तू हाताशी नव्हतीस. तू कठोर नाहीस, नुसता दगड आहेस. मला हे असलं ठरवायला सांगितलं असतं तर माझ्याने झालं नसतं. पण मी बाहेर आलो तेही तूच ठरवलंस म्हणून, तेव्हा गप्प बसलो. लेव्हिनला मी काही सांगितलेलं नाही. त्याच्यासमोर ओठ दाबून उभा राहिलो, तर मला दात दुखतोय समजून त्याने लवंग दिली.

प्रवचन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. खाडीच्या तोंडाशी, फांद्यांच्या मांडवाखाली. तुझा बाप्तिस्मा तिथे झाला म्हणून आईनेच ती जागा मागितली. प्रवचन शॅड्रॅक काका करणार, आणि आपल्या जमावावर गोरा माणूस हवा या कायद्याप्रमाणे मुकादम खुर्ची टाकून बसणार. थॉर्नली स्वतः येऊन चार शब्द बोलेल असाही रंग आहे.

लेव्हिन म्हणाला, आई रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून काहीतरी जाडजूड काळं शिवते. विचारलं तर म्हणाली, प्रवचनाला घालायचंय. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तू तुझ्या चादरी धू.

एक विचारतो, रागावू नकोस. आई तिसऱ्यांदाही नाही म्हणाली तर? सगळ्या वस्तीसमोर तिला ओढत नेणार आहेस का? आणि मीही तुझ्याबरोबर येणार आहे. नाही म्हणू नकोस.

जाळी सोबत पाठवली आहे. सबीना म्हणते, धुऊन, इस्त्री करून परत पाहिजे.

रागाखाली लोभ आहेच, तो शोधून घे.

तुझा
एनॉक


सेंट कॅथरिन्स,
११ ऑक्टोबर १८५५

चि. एनॉक यास अ. उ. आ.

जाळी पोचली. तू यायचं नाहीस. तुझं तोंड थेट बापाचं आहे, मुकादम ते खाडीपलीकडूनही ओळखेल. तू दुकान सांभाळ.

आई नाही म्हणाली तर लीयाला आणि टेम्पीला घेऊन येईन, आणि आईसाठी पुन्हा जाईन. मला कितीही वेळा मरता येतं.

आले नाही तर माझी धुण्याची मोठी कढई शेजारच्या हॅगरला द्यावी. रडारड करायची नाही. माझं प्रवचन एकदा होऊन गेलेलं असेल, पुन्हा खर्च कशाला.

लोभ वाढव आणि वस्तरा सांभाळून चालव.

तुझी ताई


फिलाडेल्फिया,
१२ नोव्हेंबर १८५५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या आधी पोचेल की नंतर, की तू पोचणारच नाहीस, मला काही ठाऊक नाही. तू या गावातून गेली असलीस तर माझ्या दारावरून न जाता गेलीस, आणि तेच शहाणपणाचं होतं. कारण कोपऱ्यावरच्या भिंतीला पत्रक लागलंय. ऱ्होडा नावाची म्हातारी, तिची मुलगी लीया, एक लहान मुलगी आणि शॅड्रॅक काकांचे दोन पुतणे. पकडून देणाऱ्याला बक्षीस. मी ते गर्दीत उभं राहून वाचलं, आणि आईचं नाव वाचून मला नाचावंसं वाटलं.

तुझं नाव नाही. दोनदा वाचून पाहिलं. मेलेल्या बाईला पकडायचं बक्षीस तो कसा लावणार?

काल त्या पकडणाऱ्यांपैकीच एक माणूस दाढीला बसला. साबण लावून झाला आणि वस्तरा गळ्यावर आला तेव्हा त्याने विचारलं, या म्हातारीला ओळखतोस का. मी त्याला हनुवटी जरा वर करायला सांगितलं. इतकी गुळगुळीत दाढी मी आयुष्यात कुणाची केली नसेल. पुन्हा काही विचारलं नाही त्याने.

पण आता मात्र लिही. कुणाच्याही हातून लिही. सबीना दिवसातून कितीदा तरी दार उघडून रस्ता बघते आणि वारा यावा म्हणून उघडलं म्हणते.

लोभाची परीक्षा पुरे झाली.

तुझा
एनॉक


सेंट कॅथरिन्स,
२५ नोव्हेंबर १८५५

चि. एनॉक यास अ. उ. आ.

सगळे पोचलो. आधी हे लिहिते, मग बाकीचं. आई चुलीशी बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतेय, लीया झोपलीय, टेम्पी खिडकीतला बर्फ चाटतेय.

माझं मयत मोठं थाटात झालं. इतकी माणसं मला माझी वाटत नव्हती. मी खाडीपलीकडच्या लोकांबरोबर होडीतून आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मुकादमाने विचारलं तेव्हा एका म्हातारीने सांगितलं, ती बाल्टिमोरची, तिला बोलवत नाही, फार लागलंय मनाला. खरंच लागलं होतं. पुढच्या बाकावर आई बसली होती, आणि पाठमोरी ती इतकी लहान दिसत होती, की जाळी होती म्हणून बरं झालं.

शॅड्रॅक काकांनी सुरुवात केली. केझाया ही शांत, गोड बोलणारी, सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती, म्हणाले. मांडवात सगळ्यांना एकदम खोकला आला. मीही खोकले.

मग थॉर्नली उठला. हातात टोपी घेऊन, अगदी घरातलं कुणी गेल्यासारखा. बर्फाचं वर्णन केलं, माझी बोटं कशी काळी पडली ते सांगितलं. मी जाळीखाली माझी बोटं बघत होते. आणि मग म्हणाला, की शेवटच्या घटकेला तिने माझ्या नावाने माफी मागितली. एनॉक, माझ्या हातून सगळं त्याच क्षणी वाया जाणार होतं. मी उठले. खरंच उठले, जाळीला हात घातला. लीया, टेम्पी, काही आठवलं नाही, फक्त हे खोटं त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. तेवढ्यात आईने हंबरडा फोडला. असा, की झाडावरची पाखरं उडाली. तिच्यामागून सगळ्या बायकांनी सूर धरला, आजूबाजूच्या सगळ्याजणी उभ्या राहून डोलायला लागल्या, आणि मी एकटी उभी आहे हे कुणाला दिसलंच नाही. थॉर्नली थांबला, मान हलवली. त्याला वाटलं आपलं भाषण फार परिणामकारक झालं.

शेवटी आपल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी फिरून एकमेकांचे हात हातात घेतले. आई माझ्यासमोर आली. माझी वाटभर जुळवून ठेवलेली बोलणी होती, तिसऱ्यांदा नाही म्हणू नये म्हणून. जेकबचं काय, बेनचं काय, सगळ्याची उत्तरं होती. मी ओठ हलवायच्या आत ती खालच्या मानेने म्हणाली, की उशीर केलास, होडी कुठली ते सांग, आणि आधी खाऊन घे, तुझ्याच मयताचं जेवण आहे. मग पुढच्या बाईचा हात धरून रडायला लागली.

रताळी होती, मक्याची भाकरी होती, मुकादमासाठी डुकराच्या मांसाचं ताट वेगळं होतं. ते त्याने पुरतं संपवलं. नंतर खाडीपलीकडचे लोक होड्यांत बसायला लागले, त्यांच्यात आम्ही बसलो. लेव्हिनची होडी मधोमध, त्याला मी आदल्या रात्रीच जाळी वर करून तोंड दाखवलं होतं. भर उन्हात, भजन म्हणत. जेवून जडावलेल्या मुकादमाने आम्हाला पलीकडचेच समजून खुर्चीतून हात हलवून निरोप दिला, आणि आईने त्याला उलट हात केला. काकांना मी चला म्हटलं, तर म्हणाले, पुढची मयतं कोण करणार, तू पुतण्यांना ने.

पुढची वाट लिहीत नाही, ती दुसऱ्यांच्या उपयोगाची आहे. पण खाडीतून बाहेर पडल्यावर आईने गाठोडं सोडलं. घोंगड्यांचे जाड डगले शिवलेले. एक लीयाचा, एक टेम्पीचा, एक तिचा स्वतःचा. आणि चौथा काढून तिने माझ्या अंगाला लावून पाहिला. बाह्या अगदी बरोबर झाल्या. मी विचारलं, आई, तुला कधीपासून ठाऊक होतं? तर म्हणाली, एनॉकला लिहिशील तेव्हा सांगेन, दोनदा सांगायला मला दम नाही. तेव्हा आता तू विचार.

आपल्या सगळ्यांचा लोभ आता एका देशात आला, फक्त तू आणि सबीना राहिलात.

तुझी ताई
केझाया


सेंट कॅथरिन्स,
९ डिसेंबर १८५५

चि. एनॉक यास आईचे अ. उ. आ. सौ. सबीनेसही.

बाळा, मी सांगते आणि केझाया लिहिते. तिने मधे आपलं काही घुसडलं तर ते माझं समजू नकोस. (मी काही घुसडत नाही. के.)

तू जेवत नव्हतास असं ऐकलं. आता जेव.

मालकाने सांगितलं की केझाया बर्फात मेली, तेव्हा मी तिथेच खाली बसले. लीयाने मला धरलं. मग तो म्हणाला, की मरताना तिने माफी मागितली. तिथेच मी सरळ उभी राहिले. तू तेव्हा जन्मला नव्हतास. ही एवढीशी होती, आणि साखरेचा खडा तोंडात टाकला म्हणून त्याच्या आईने हिला अंगणात उन्हात उभी केली. माफी माग आणि सावलीत जा, एवढंच. ही उभी राहिली. संध्याकाळी चक्कर येऊन पडली, पण तोंडातून शब्द काढला नाही. ही पोर बर्फाला घाबरून त्याची माफी मागणार? मेलीच असेल तर ती दुसरी कुणीतरी. माझी नव्हे. म्हणून मी प्रवचन मागितलं. मला ठाऊक होतं, हिच्या नावाने चार माणसं जमली आणि जवळ पाणी असलं, की ही आल्याशिवाय राहायची नाही. (हे मला ऐकवत नाही, पण आई काठी घेऊन बसली आहे म्हणून लिहिते. के.)

आता दुसरं. ते मी हिलाही सांगितलेलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण हिच्यासाठी नाही, जेकबसाठी. दर नाताळाला मालक मला सांगायचा, जेकब बरा आहे, तुझी आठवण काढतो, पुढच्या वर्षी त्याला परत आणू, तू नीट वाग. मी नीट वागले. ही दोनदा न्यायला आली, मी दोनदा दार लावलं. ज्या तोंडाने त्याने जिवंत पोर मारली, त्याच तोंडाने तो मला जेकबची खुशाली सांगत होता. जेकब कुठे आहे हे त्याला कधीच ठाऊक नव्हतं, बाळा. विकल्यावर त्याने विचारलंसुद्धा नसेल. मी दार धरून बसले होते ते पोरांसाठी नव्हे, त्याच्या खोट्यासाठी. ते कळलं आणि मी सुई हातात घेतली.

पोरं कुठे आहेत ते मलाही ठाऊक नाही. पण बसून वाट पाहायची ती मी पाहिली, आता शोधायचं. तुझ्या दुकानात दक्षिणेकडचा आपला कुणी माणूस आला की त्याला जेकबबद्दल आणि बेनबद्दल विचारल्याशिवाय उठू द्यायचं नाही. जेकब डावखुरा आहे आणि लाजला की शीळ घालतो. बेनला कुत्र्यांची भीती वाटते. वाटायची.

तू आणि सबीना इकडे या. लोभ पत्रातून पुरत नाही.

तुझी
आई

ता. क. आता हे माझं. आई झोपली. इतकी वर्षं मला वाटत होतं, की तिला बाहेर काढायला मी जातेय. आता वाटतं, माझं मयत मागून तिनेच मला बोलावून घेतलं.

लेव्हिनची बातमी आली. थॉर्नलीने पुन्हा वस्तीला अंगणात उभं केलं आणि सांगितलं, की ऱ्होडा म्हातारी आणि लीया वाटेतच बर्फात गोठून मेल्या. दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती टोप्या काढून, तोंडं पाडून त्याच्या दाराशी हजर. दोघींच्या मयताचं प्रवचन करू द्या, आणि सगळ्या मळ्यांवरच्या नातेवाइकांना चिठ्ठ्या द्या म्हणून. त्याने दार आपटून घेतलं. आता त्याच्या मळ्यावर कुणाच्याही मयताचं प्रवचन व्हायचं नाही असा हुकूम निघाला आहे.

न होईना. नाताळाच्या आठवड्यात पलीकडच्या मळ्यावर शॅड्रॅक काकांच्या नातीचं लग्न आहे, आणि लग्नाच्या चिठ्ठ्या अजून कुणी बंद केलेल्या नाहीत. जाळी धुऊन, इस्त्री करून परत पाठवली आहे. सबीनाला विचार, तिच्या लग्नातली पांढरी अजून आहे का.

लोभ आहेच. उत्तर लवकर.

तुझी ताई
केझाया (सध्या हयात)